‘स’चा सराव

फ्रेडरिक्सहाव्न,
९ मार्च

प्रिय आस्गर,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, सगळं ठीक आहे. बाबा ठीक आहेत, मी ठीक आहे, घराचं छपरही अजून जागेवर आहे. फोनवर बाबांचा विषय काढला की तुला नेमकं त्याच वेळी कुणीतरी डेकवर बोलावतं. तीन वर्षं मी हे बघतेय. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं. पत्राला मध्येच ‘बरं, ठेवतो’ म्हणता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. नाताळच्या भेटींचे कागद आठवडाभर आधी नखाने उचकटून बघणारा मुलगा आहेस तू.

तर बातमी अशी, की मी दात सरळ करून घेतेय. हस खुशाल. एकोणपन्नासावं वर्ष चालू आहे, गुडघे कुरकुरतात, वाचायला चष्मा लागतो, आणि बाईसाहेब दात सरळ करायला निघाल्या आहेत. पण हौस म्हणून नाही केलं. गेल्या ऑगस्टमध्ये हिरड्यांतून रक्त यायला लागलं, म्हणून दाखवायला गेले. आता इथे मालेने नावाची नवी दंतवैद्य आली आहे. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण जिभेला हाड नाही. माझ्या तोंडात आरसा घालून म्हणते कशी, “विबेके, तुझे खालचे दात रांगेत घुसलेल्या लोकांसारखे उभे आहेत, एकमेकांच्या पायावर पाय देऊन. ब्रश आत जाणार कुठून? असंच चाललं तर त्यातले दोन तरी पाच वर्षांत जातील.” मी म्हटलं, जाऊ देत, पण तारा लावणार नाही. तिने विचारलं नाही का म्हणून. ड्रॉवर उघडून एक पारदर्शक साचा माझ्या तळहातावर ठेवला. पातळ प्लास्टिकचा, दातांवर टोपीसारखा चढणारा. याला अलाइनर म्हणतात. दर दहा दिवसांनी नवी जोडी, आणि प्रत्येक जोडी दातांना केसभर पुढे ढकलणार. अशा चोवीस जोड्या. दिवसातले बावीस तास तोंडात ठेवायच्या. काढायच्या त्या फक्त खाताना, आणि पाण्याखेरीज काही पिताना. सध्या अठरावी चालू आहे.

तारांना मी ‘नको’ का म्हटलं, ते तुझ्याशिवाय कुणालाच कळणार नाही. मी तेरा वर्षांची होते, तू नऊ. शाळेच्या दवाखान्यातून मला तारा लावून दिल्या होत्या, सगळ्या मुलांना देतात तशा. तिसऱ्याच दिवशी मैदानावर सुरू झालं, “काय गं विबेके, बापाने वेल्डिंग केलं का तोंडात?” सगळी गोदीवाल्यांचीच पोरं, त्यामुळे विनोद सगळ्यांना कळला. मग मी हसले की कुणीतरी डोळ्यांवर हात धरायचं, वेल्डिंगच्या ठिणग्या उडतायत म्हणून. तीन आठवड्यांनी मी आईला सांगितलं, काढून टाका, नाहीतर शाळेत जाणार नाही. आईने काढू दिल्या. तारा गेल्या, पण तोंडासमोर धरलेला हात तिथेच राहिला. हसताना हात, बोलताना हात, नंतर नंतर तर ऐकतानाही हात. लग्नाच्या फोटोत माझा हात आहे. घटस्फोटाच्या कागदांवर सही करतानाही डावा हात तोंडावर होता, असं कार्स्टेनच मला म्हणाला होता. आणि त्या वेल्डिंगवाल्या पोराच्या सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा कुणी सोडली होती, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या खिशात व्हॉल्वच्या टोप्या सापडल्या. आईने त्या मला दाखवल्या आणि परत तुझ्या खिशात ठेवल्या. पस्तीस वर्षांत तुला कधी बोलले नाही. आता म्हणते, थँक्यू.

पहिला आठवडा मात्र वाईट गेला, खोटं कशाला बोलू. दात कुणीतरी चिमट्यात धरून ठेवल्यासारखे ठणकायचे. राई ब्रेडचा तुकडा तोडणं म्हणजे शिक्षा. दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक खडे चिकटवलेले असतात, साचा घट्ट बसावा म्हणून. त्यांनी गाल आतून सोलून निघाले. काढायला गेले की साचा निघायचा नाही, नखं तुटली, डोळ्यांतून पाणी आलं. पहिल्या दिवशी तर मी घाबरून मालेनेला फोन केला, की हे आता जन्मभर असंच राहणार. ती म्हणाली, “मागच्या दाढेपासून सुरू कर आणि आधी श्वास घे.” आणि कॉफी! तुला माहीत आहे आमच्या ऑफिसात कॉफी कशी चालते. आल्यावर कॉफी, बोट सुटली की कॉफी, बोट लागली की कॉफी. आता प्रत्येक कपाला साचे काढा, डबीत ठेवा, पिऊन झालं की दात घासा, साचे धुवा, परत चढवा. दोन दिवस केलं, मग नाद सोडला. दिवसाला नऊ कप प्यायची मी, तीनवर आले. प्रेबेनचं म्हणणं, कंपनीने माझ्या दंतवैद्याला बक्षीस द्यायला हवं.

हा प्रेबेन म्हणजे आमच्या बोटीवर दोरखंड सांभाळणारा. त्याच्याकडे गंभीर चेहरा नावाची वस्तूच नाही. खरी मजा त्याचीच झाली. कारण माझं काम काय, तर तिकिटाच्या खिडकीत बसायचं आणि लाउडस्पीकरवर बोटीची घोषणा करायची. आणि बोट जाते कुठे, तर लेसोला! जगात एवढी बेटं असताना मला नेमकं ‘स’वालं बेट मिळालं. तोंडात साचा आला की जीभ जागा चुकते. पहिल्या सकाळी मी माईक उघडला आणि सगळ्या धक्क्यावर ऐकू गेलं, “थव्वाथातची लेथोची बोट थुटत आहे.” रांगेतली एक म्हातारी दचकून वर बघायला लागली. प्रेबेन खालून ओरडला, “विबेके, थावकाश, थगळे चढलेत!” मी माईक बंद केला आणि आत जाऊन रडले. परत तेच मैदान, तीच पोरं. संध्याकाळपर्यंत मनाशी ठरवलं होतं की साचे कचऱ्यात टाकायचे. जाताना प्रेबेन खिडकीशी आला. टोपी हातात घेऊन म्हणाला, “मी आचरटपणा केला. माझ्या बायकोनेही हे लावले होते, दोन आठवड्यांत जमतं. घोषणा मी करतो तोवर. माझा आवाज बेडकासारखा आहे, पण ‘स’ शाबूत आहे.” आणि त्याने खरंच बारा दिवस केल्या. प्रवाशांनी तक्रारी केल्या, तरी केल्या.

मालेने म्हणाली होती, रोज अर्धा तास मोठ्याने वाच, ओठ आणि जीभ नीट हलवून. एकटं घर, वाचायला कुणाची आडकाठी नव्हती, पण मला माझाच आवाज ऐकवेना. दोन ओळी झाल्या की हात वर यायचा. त्यात रविवार आला.

आपल्या घरच्या रविवारांबद्दल तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. आई गेल्यापासून मी दर रविवारी तीन वाजता जाते. बाबा टेबलावर दोन कप मांडून ठेवतात, बेकरीतून काहीतरी गोड आणलेलं असतं, आणि आम्ही गप्प बसतो. आई आपल्या घरातलं टेलिफोन एक्स्चेंज होती, हे ती गेल्यावर कळलं. आपण काहीही बोललो की ती बाबांकडे तोंड करून तेच परत बोलायची, आणि बाबा तिला उत्तर द्यायचे. आपल्याला वाटायचं, आपण बाबांशी बोलतोय. गोदीत तीस वर्षं पोलादी टाक्यांमध्ये बसून हवेचा हातोडा चालवलेला माणूस. त्यांचे कान आपल्या शाळेच्या दिवसांतच गेले होते. श्रवणयंत्र ड्रॉवरमध्ये पडून आहे. त्यात म्हणे नुसती भांडी आपटल्यासारखी वाटतात. उरली ती वही. ‘दूध संपलं’, ‘डॉक्टर मंगळवारी’, ‘रस्त्यावर बर्फ’. वहीत एवढंच मावतं, आस्गर. ‘एकटं वाटतं का?’ असं मी एकदा लिहिलं आणि तेच पान फाडून खिशात घातलं. समोरच्या माणसाला असं लिहून विचारलं की ते सरकारी फॉर्मसारखं दिसतं. दोन वर्षांहून जास्त मी त्यांच्यासमोर बसून फक्त कॉफी प्यायले.

त्या रविवारी मी ठरवलं होतं, तोंडच उघडायचं नाही. कॉफीआधी बाथरूममध्ये जाऊन साचे काढले आणि डबी टेबलावर ठेवली. बाबांनी ती उघडून एक साचा बोटांत धरला, उजेडाकडे केला, एखाद्या सुट्या भागाची तपासणी करावी तसा फिरवून बघितला. “कवळी?” म्हणाले. मी मान हलवली, वहीत लिहिलं, ‘दात सरळ करायला.’ ते बराच वेळ हसले. म्हणाले, “बरं केलंस. जहाजंसुद्धा जुनी झाली की गोदीत यायचीच.” कॉफी संपली, मी दात घासून साचे परत चढवले. बाबा म्हणाले, “आता बोल काहीतरी.” मी मान हलवली. “बोल की!” मी बोटाने तोंडाकडे दाखवून वाईट चेहरा केला. तर म्हणतात, “बोबडं येतं? अगं, मला कुठे ऐकू येतंय?”

सबंध उत्तर जटलंडमध्ये हा एकच माणूस होता, ज्याच्यासमोर मला लाजायचं कारण नव्हतं, आणि तो दर रविवारी माझ्यासमोर बसत होता. मग मी म्हटलं, “लेसो.” बाबा पुढे वाकले. “परत.” “लेसो.” “जीभ बाहेर येते तुझी. आत ठेव, वरच्या दातांच्या मागे. आणि तो हात खाली घे. मी हाताशी बोलू का?” मी हात खाली घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. शाळेत शिक्षा केल्यासारखी बसले. “लेसो. सहा. सात. सकाळी सव्वासात.” एकेक शब्द, ओठ ताणून, मालेनेने सांगितलं होतं तसा. आणि बाबा माझ्या मागोमाग तेच शब्द म्हणत होते. अर्धा तास झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी मघापासून पाढा सोडून दिलाय. मी त्यांना प्रेबेनची गोष्ट सांगत होते, आणि बाबा योग्य जागी हसत होते. वही बंदच होती.

त्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. आपल्याच घरात घडूनही आपल्या दोघांना माहीत नव्हती. बाबांना कवळी बसली तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. मी तेव्हा ऑलबोर्गला शिकत होते, तू फुटबॉलच्या मागे होतास. कवळीमुळे त्यांचंही बोलणं बिघडलं, पण त्यांना ते कळेचना, स्वतःचा आवाजच ऐकू येत नव्हता. गोदीत कुणीतरी नक्कल केली तेव्हा समजलं. मग आई रोज संध्याकाळी त्यांना स्वयंपाकघरात समोर बसवायची, स्वतः एकेक शब्द म्हणून दाखवायची, त्यांच्याकडून म्हणून घ्यायची. सहा आठवडे. “तेव्हाच तिचे ओठ मला पाठ झाले,” बाबा म्हणाले. “त्याआधी मलाही अंदाजच घ्यावा लागायचा. तिने मला बोलायला शिकवलं, आणि मी चोरून ऐकायला शिकलो.” मग कपातली साखर ढवळत म्हणाले, “तुझे ओठ मला कधी दिसलेच नाहीत, पोरी. मला वाटायचं, तुला माझ्याशी बोलायचं नसतं.” पस्तीस वर्षं मी त्या पोरांपासून तोंड लपवत होते, आणि समोर बसलेल्या माणसाला वाटत होतं की मी त्याच्यापासून लपवतेय.

त्यानंतर रविवार मला पुरेना, म्हणून बुधवारीही जायला लागले. सगळं एकदम सुरळीत झालं असं समजू नकोस. बाबा थकतात, अर्ध्या तासाने डोळे चोळायला लागतात. खिडकी माझ्या पाठीशी आली तर त्यांना काही दिसत नाही, म्हणून मी आता आईच्या खुर्चीत बसते, तिथे उजेड तोंडावर येतो. नोव्हेंबरात तर मोठाच घोटाळा झाला. बाबांनी जेवायला फ्रिकाडेले, आईसारखे खिम्याचे गोळे, केले होते. डबी मी घरी विसरले होते, म्हणून साचे कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवले. मालेनेने अगदी हेच करू नकोस म्हणून सांगितलं होतं. जेवण झालं, मी हात धुऊन आले, तर टेबल लख्ख आणि रुमाल गायब. बाबांनी सगळं आवरून अंगणातल्या डब्यात टाकलं होतं. मग आम्ही दोघं, तो एक्याऐंशीचा आणि ही अठ्ठेचाळीसची, उलट्या बादल्यांवर बसून बटाट्याच्या साली आणि हेरिंग माशाची कातडी चिवडत होतो. शेजारीण कुंपणावरून बघून गेली. बाबांनीच शोधले शेवटी, दोन्ही. विजयी वीरासारखे आत गेले. मी बूट काढून आत येते तर काय, साचे वाडग्यात आणि वर उकळत्या पाण्याची किटली! त्या पाण्यात प्लास्टिकचा पापड झाला असता. मी दारातूनच ओरडले, “बाबा, नको!” त्यांनी नेमकं तेव्हाच माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ते थांबले. स्वयंपाकघराच्या त्या टोकाला, किटली तिरपी धरलेली, पाण्याचा थेंब पडायच्या बेतात. माझ्याकडे बघून म्हणाले, “ओरडू नकोस, बहिरा नाही मी.” आणि मग आम्हाला जे हसू फुटलं ते थांबेचना. मी ओट्याला धरून हसले, बाबांची कवळी निसटायला आली. हसणं ओसरलं तेव्हा मी माझे हात बघितले, दोन्ही ओट्यावर होते.

आता ‘स’ जमतो. लाउडस्पीकरवर परत मीच असते. प्रेबेनला जरा चुटपुट लागली आहे, त्याला माईक आवडायला लागला होता. खालचे दात जवळजवळ ओळीत आले आहेत. मालेने म्हणते, मे महिन्यात संपेल, मग फक्त झोपताना एक साचा. पण खरं सांगू, आरशात मी फारशी बघतच नाही. रोज सकाळी साचा चढवताना तो टक्क असा बसतो, आणि मला बाबांचं ‘जीभ आत’ आठवतं. एवढ्याशा प्लास्टिकचे आभार कसे मानतात, मला माहीत नाही. मालेनेसाठी लिकोरिसचा डबा नेला होता. ती म्हणाली, दंतवैद्याला गोळ्या देणारी तू पहिलीच.

आणि आता ते सांगते, ज्याच्याभोवती मी एवढी पानं घिरट्या घालतेय. बारा फेब्रुवारीला आईला जाऊन तीन वर्षं झाली. आम्ही फुलं ठेवून आलो, कॉफी झाली, मी साचे चढवले. बाबांनी आपण होऊन विषय काढला. म्हणाले, “तिच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये कोट घालताना आस्गर मला काहीतरी म्हणाला. मोठं काहीतरी होतं, त्याचे डोळे भरले होते. मला कळलं नाही.” मला ते माहीत होतं. कारण तू मला त्याच दिवशी बंदरावरून फोन केला होतास. सांगितलंस, की आई आजारी असताना आला नाहीस म्हणून तू बाबांची माफी मागितलीस, आणि बाप म्हणाला, ‘रस्ता निसरडा आहे, सावकाश चालव.’ बस. तू म्हणाला होतास, याहून एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. तेव्हापासून तू आला नाहीस. आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला, आस्गर, तीन वर्षं. मलाही वाटलं, बाबांनी तुला तोडून टाकलं. बाबांना विचारायचं तर कसं विचारणार होते, वहीत लिहून?

बाबा टेबलावरचे तुकडे गोळा करत बोलत होते. “त्याच्या त्या मिशीखाली ओठ दिसतच नाहीत. नॉर्वेला जाऊन वाढवलीन. वाऱ्यात गवत हलावं तसे नुसते केस हलतात. परत विचारायला हवं होतं. पण सगळं गाव उभं होतं. जन्मभर लोकांना ‘काय? काय?’ करत आलो, म्हटलं निदान तिच्या अंत्यविधीत तरी नको. वाटलं, निघतो म्हणत असेल, म्हणून रस्त्याचं बोललो. त्याचा चेहरा बघितला आणि कळलं, की उत्तर चुकलं.” मग माझ्या तोंडाकडे टक लावून त्यांनी विचारलं, “तुला माहीत आहे, तो काय म्हणाला?” मी म्हटलं, “हो.” “सांग.” मला सांगता आलं असतं. एकच वाक्य, आणि आता माझा प्रत्येक शब्द त्यांना कळतो. पण मी म्हटलं, “नाही बाबा. ते त्याचं आहे. त्यालाच सांगू दे.” त्यांना राग आला असावा. उठून कप धुतले. मग पाठमोरे असतानाच म्हणाले, “येईल का तो?”

मी त्यांना उत्तर दिलं नाही, कारण ते उत्तर तुझ्याकडे आहे, आणि तेच मागायला हे पत्र लिहिलं. ईस्टरच्या जेवणाला ये. बर्गनहून थेट बोट आहे, हिर्ट्सहाल्सला मी गाडी घेऊन येते. आईच्या खुर्चीत बस, उजेड तोंडावर घे. ओरडू नकोस, ओरडलं की ओठ वाकडे होतात. एका वेळी एकच वाक्य, आणि ते कळलं का हे त्यांच्या डोळ्यांत बघ. मी तोवर अंगणात थांबेन. मला ते वाक्य परत ऐकायचं नाही, मी ते एकदा ऐकलंय. फक्त एक कर, भावा. तू कुणाचं ऐकत नाहीस हे माहीत आहे, पण एवढं माझं ऐक. बोटीत चढण्याआधी मिशी काढून टाक. ती परत वाढेल.

वाट बघणारी
तुझीच,
विबेके